गावात सोयी आल्या, त्या चालवायच्या कोणी?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका छोट्या गावात राहतो. थोडी ज्वारी-बाजरी, थोडा कांदा, दावणीला गाई, त्यावर घर चालतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की विचारतात, "आता तुमच्याकडं सगळं आलं असेल ना?" आलंय खरं. गावठाणात सिमेंटचा रस्ता आहे, पाण्याची टाकी आहे, जलजीवनमधून घरोघर नळ आहे. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, दूध डेअरी, रेशन दुकान, पिठाची गिरणी, समाजमंदिर हे सगळं आहे. कागदावर बघितलं तर गावात काही कमी नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत पाणी होतं, टाकी धड होती, पाइप नवे होते, आणि तरी बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन शेतातल्या विहिरींवर जात होत्या. का, तर मोटार जळाली होती. वाइंडिंग भरायला टाकायची तर पैसे नव्हते, जादाची मोटार नव्हती, आणि पाणी सोडणारा माणूस पगार थकल्यामुळे गवंड्याच्या हाताखाली कामाला लागला होता. कोणत्या वस्तीचा व्हॉल्व्ह कुठं पुरलाय हे त्या एकट्यालाच माहीत.

तेव्हापासून डोक्यात हे पक्कं बसलंय की गावाला सोय बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026च्या निधीचं घ्या. त्यातला 60 टक्के बंधित होता, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. पण पगार आणि आस्थापनेवर त्यातला रुपया खर्च करता येत नव्हता. टाकीला रंग देता यायचा, टाकी भरणाऱ्या माणसाला पगार देता यायचा नाही. त्याचा पगार पाणीपट्टी-घरपट्टीतून आणि शासनाच्या हिश्श्यातून निघायचा, आणि तो हिस्साही वसुलीशी जोडलेला. वसुली नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून पाणी नाही, आणि पाणीच येत नाही तर पट्टी कशाला भरू असं लोक म्हणतात. लोकांचंही चुकीचं नाही.

शाळा, उपकेंद्र, अंगणवाडी सगळीकडं मला हेच दिसतं. इमारत उभी राहते, कोनशिला बसते, पुढं रोज कुलूप उघडणारा माणूस टिकत नाही. तुमच्या गावात कोणती सोय खरोखर वर्षानुवर्षं चालली आणि ती कुणामुळं, कशामुळं, हे मला ऐकायचंय. नुसत्या तक्रारी नकोत, चाललेलं काही सांगा.

सासुरवाशीण

दादा, धागा काढलात बरं केलंत. मी बारामतीकडची, दिली खटाव तालुक्यात. माहेरी कॅनॉलचं पाणी, त्यामुळं पाण्याचा हिशोब काय असतो ते लग्नानंतर कळलं.

आमच्याकडं नळ आहे आणि पाणीही येतं, पण कधी येईल त्याचा नेम नाही. वीज असेल तेव्हा टाकी भरणार, टाकी भरली की सोडणार. कधी पहाटे चारला, कधी भर दुपारी खुरपायला गेलेलं असताना. घरात म्हातारी सासू असली तर ती भरून ठेवते, नसली तर ते पाणी गेलं. जलजीवनमध्ये माणशी रोज 55 लिटरचं माप आहे. ते मिळतं की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी ते ठरल्या वेळेला मिळू द्या. वेळ ठरली तर निम्मी साठवण कमी होईल, पिंपं-टाक्या घासायचं काम कमी होईल, डासही कमी होतील.

दुसरं, संडासाचं. घरोघर संडास बांधले, चांगलं झालं, रात्री-अपरात्री बाहेर जायचं संपलं. पण एका माणसाला कमीत कमी अर्धी बादली पाणी लागतं. पाण्याचा तुटवडा पडला की घरातले पुरुष सरळ ओढ्याकडं जातात. बाई कुठं जाणार? म्हणून संडास बंद पडला की आधी पाणी बघा, "सवय नाही" म्हणून लोकांना नावं ठेवू नका.

आणि पाणी समितीत निम्म्या बायका पाहिजेत असा नियम आहे. आमच्याकडं आहेतही. पण बैठक रात्री आठला चावडीवर. त्या वेळी धारा काढून झालेल्या असतात आणि चुलीवर भाकरी असते. कोण जाणार? रजिस्टर घरी येतं, आम्ही सही करतो. दुपारी दोनला बैठक ठेवली असती तर आम्हीच त्या व्हॉल्व्हची वेळ ठरवली असती.

गलाईवाला

मूळ गाव आटपाडी तालुक्यात, सध्या कोइमतूरला. सोन्या-चांदीच्या गलाईत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात, वडिलांपासून आहोत. खानापूर, आटपाडी, माण भागातली आमची माणसं भारतभर याच धंद्यात आहेत, दुष्काळानंच बाहेर काढली सगळ्यांना.

आम्ही गावाला विसरलेलो नाही. यंदा यात्रेला गावाच्या वेशीवर कमान बांधायचं ठरतंय, वर्गणीही जमली आहे. दरवर्षी काहीतरी करतोच.

ओढ्याकाठचा

गलाईवाले दादा, तुम्हा लोकांमुळं आमच्या भागातली देवळं, शाळांच्या खोल्या, तालमी उभ्या राहिल्या, हे कुणी नाकारणार नाही. तरी कळकळीनं सांगतो, कमानीऐवजी गावाला एक जादाची मोटार, स्टार्टर आणि केबल घेऊन द्या. मोटार जळाली की त्याच दिवशी दुसरी सोडता येईल. कमानीच्या खर्चात हे आरामात बसतं.

गलाईवाला

तुमचं म्हणणं कळतं, पण एक समजून घ्या. परमुलखात राहणाऱ्या माणसाला गावाशी बांधून ठेवतं ते देऊळ आणि यात्रा. माझी मुलं तमिळ बोलतात, मराठी मोडकी. यात्रेला पालखीपुढं नाचतात तेव्हा त्यांना हे गाव आपलं वाटतं. मोटारीसाठी कोण कोइमतूरहून येईल? देवळाला दिलेला पैसा मी वाया गेला असं मानत नाही आणि मानणारही नाही.

मात्र जादाच्या मोटारीचं पटलं. ते आमच्या मंडळात मांडतो.

आरोग्यसेवक

मी एका उपकेंद्रात बहुउद्देशीय कर्मचारी आहे, जिल्हा सांगत नाही. पाण्यावरून सुरुवात झालीच आहे तर गावकऱ्यांच्या नजरेत न येणारं एक काम सांगतो. पाणी सोडणारा माणूस नुसता व्हॉल्व्ह फिरवत नाही. टाकीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) तोच टाकतो, आणि शेवटच्या नळाला क्लोरिन पोहोचतंय का ते आम्ही ओटी टेस्टनं बघतो. पाहणीवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कार्ड कुठलं, हे आधी विचारा. जुलै-ऑगस्टात गॅस्ट्रोची साथ येते ती बहुतेक वेळा फुटलेल्या पाइपातून किंवा न टाकलेल्या टीसीएलमधून. म्हणून तो माणूस टिकवा.

आता मुख्य सांगायचं ते सापाचं. निकष असा की साधारण 5000 लोकसंख्येला उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 3000ला, आणि 30,000ला प्राथमिक आरोग्य केंद्र. छोट्या गावात दवाखाना नसणार हे धरून चाला. मग साप चावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं ते गावालाच माहीत पाहिजे. शेतपंपाला रातपाळीची वीज असते तेव्हा दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारात उतरावं लागतं. पावसाळा, ओल, उंदीर, त्यामागं साप. आपल्याकडचे मुख्य विषारी चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून आणू नका, त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. करकचून दोरी बांधू नका, ब्लेडनं कापू नका, चोखू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू न देता काठी लावून आधार द्या आणि लस आहे तिथंच थेट न्या. 108ला फोन लावा, पण गाडी लांब असेल तर वाट बघत बसू नका, गावातली जीप काढा. आणि मण्यारीचं लक्षात ठेवा. ती बहुधा रात्री झोपेत चावते, जखम दिसत नाही, दुखत नाही, सकाळी पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. जमिनीवर झोपणाऱ्या सालगडी आणि ऊसतोड कुटुंबांत हे जास्त बघितलंय. खाट आणि मच्छरदाणी यानं जीव वाचतात.

लस जवळच्या केंद्रात आज आहे का, हे पावसाळ्याआधी आशाताईंकडून विचारून घ्या. चावल्यावर विचारत फिरू नका.

विंचवाबद्दलही सांगतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध विंचूदंशावर चालतं हे ग्रामीण दवाखान्यात राहून दाखवलं, त्यामुळं कोकणातले मृत्यू कितीतरी घटले. खेड्यात राहिलेल्या एका डॉक्टरनं किती फरक पडतो याचं एवढं एक उदाहरण पुरे.

ओढ्याकाठचा

साहेब, हे छापून डेअरीत लावतो. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथंच असतं.

बारावी सायन्स

मी छोट्या गावात राहते आणि कॉलेजला तालुक्याला जाते. इथं सगळे मोठे बोलतायत, मला बसबद्दल सांगायचंय.

अहिल्याबाई होळकर योजनेत आम्हा मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. बायकांना 2023पासून अर्धं तिकीट आहे. चांगल्या योजना आहेत. पण पूर्वी गावात मुक्कामी गाडी होती, ती आता नाही. संध्याकाळची गाडी फाट्यावर सोडते, तिथून गाव चार किलोमीटर. पास मोफत असून वडापला (भाड्याच्या खासगी जीपला) रोज पैसे जातात, आणि वडाप भरल्याशिवाय निघत नाही. पावसाळ्यात लवकर अंधार पडतो. माझ्या वर्गातल्या दोघींचं कॉलेज घरच्यांनी याच कारणानं बंद केलं, आणि एकीचं त्याच वर्षी लग्न झालं. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते.

मोठ्यांनी एवढं करावं. फाट्यापासून गावापर्यंत संध्याकाळी एक गाडी, ग्रामपंचायतीची असो नाहीतर डेअरीची. दुधाचा टेंपो त्याच वेळी त्याच रस्त्यानं रिकामा येतो.

झेडपीमास्तर

बाळ, तुझं लिहिणं वाचून गप्प बसवेना. आमच्या केंद्रातल्या एका गावानं नेमकं हेच केलं. फाट्यावरून मुलींना आणायला पालकांनी मिळून एक जीप महिन्यावर ठरवली. जीपवाल्याला रोजची खात्रीची फेरी मिळाली आणि मुलींना सोबत. तुझ्या गावातल्या पाच पालकांना हे वाचून दाखव.

शाळेचं सांगतो. मूळ धाग्यात इमारत आणि माणूस असं म्हटलंय, ते शाळेला तंतोतंत लागू आहे. शिक्षण हक्क कायद्यानं एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा आणि 60 पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग, दोन मास्तर. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेला एकटा चारही वर्ग बघतो. पालकांना हे दिसतं. मग दारात पिवळी बस येते आणि चार वर्षांचं लेकरू सकाळी सातला तिच्यात बसून पंधरा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमात जातं. पट 20च्या खाली गेला की शाळा चालू राहील का याचीच चर्चा सुरू होते.

मी पालकांना दोष देत नाही, पण माझं मत स्पष्ट आहे. गावातली शाळा गेली की तरुण आई-बाप गाव सोडतात. शेती उरते, तालुक्याला खोली होते, आणि आजी-आजोबा घरं राखतात. पाण्याइतकीच शाळाही गावाची मूळ सोय आहे. काही गावांनी लोकवर्गणीतून मानधन देऊन गावातलीच डी.एड. झालेली मुलगी मदतनीस म्हणून घेतली, तिथं पट टिकलेला मी बघितलाय. रंगीत भिंतींनी तो टिकला नाही, रोज हजर असलेल्या तिसऱ्या माणसानं टिकला.

झाडीपट्टीचा

इकडे गडचिरोलीत आमची अडचण वेगळी आहे जी, रस्ता आणि पूलच मोठा प्रश्न. पण "कशामुळं चाललं" याचं उत्तर आमच्याकडे आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांचीच घोषणा. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बांबू विकून ग्रामसभेकडे स्वतःचा पैसा आला. स्वतःचा पैसा असला की कोणत्या शीर्षाखाली खर्च करायचा हे कोणी विचारत नाही. आणि तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एक माणूस जरी नाही म्हणाला तर पुन्हा बसतात. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय मग सगळे पाळतात.

ओढ्याकाठचा

झाडीपट्टीवाले भाऊ, आमच्याकडं जंगल नाही, बांबू नाही, कुसळं आहेत. पण तुमचा मुद्दा घेतला: गावाचं स्वतःचं उत्पन्न. आमच्याकडं ते पाणीपट्टीच.

गंगथडी

मग पाटोद्याचं बघा, छत्रपती संभाजीनगरजवळचं. सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या काळात तिथं पूर्ण कर भरणाऱ्याला दळण मोफत केलं. बाईनं दळणाचा डबा घेऊन गिरणीवर जायचं, कर भरलेला असेल तर पैसे नाहीत. वसुली आपोआप. बक्षिसांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, ही गिरणीची युक्ती मात्र फारशी कुणी उचलली नाही.

सासुरवाशीण

युक्ती चांगली आहे, पण पाटोदा शहराच्या कडेला आहे. तिथल्या माणसाच्या हातात महिन्याला पगार येतो. आमच्याकडं पैसा कांदा विकल्यावर येतो, तोही भाव लागला तर. मार्चमध्ये पट्टी मागायला येतात तेव्हा घरात काही नसतं. दुधाचे पैसे मात्र दहा दिवसाला जमा होतात. पट्टी वर्षाची एकदम न मागता दुधाच्या बिलातून, घरमालकाच्या संमतीनं, दर दहा दिवसाला थोडी थोडी का कापून घेत नाहीत? सोसायटीचं कर्ज, पशुखाद्याची पेंड सगळं तिथूनच कापलं जातं की.

ओढ्याकाठचा

ताई, हे मला आजवर सुचलं नव्हतं आणि कुणी सुचवलंही नव्हतं. आमच्या गावात गाय नाही असं घर शोधावं लागेल. ज्यांच्याकडं नाही त्यांची मजुरी रोजची, त्यांना आठवड्याच्या बाजारादिवशी भरायची मुभा देता येईल.

तळकोकण

आमच्या वाडीत निम्मी घरं बंद. चाकरमानी गणपतीला येतात, मे महिन्यात येतात. तेव्हा पाणी दुप्पट लागतं, एरवी योजना पंधरा घरांच्या पट्टीवर चालवायची. आम्ही ठरवलं की घर बंद असलं तरी पट्टी वर्षाची, नळाला तोटी आहे ना? सुरुवातीला मुंबईकर मंडळात कुरबुर झाली. मग गणपतीच्या दिवसांत बैठक घेऊन जमाखर्च वाचून दाखवला: वीजबिल इतकं, दुरुस्ती इतकी, पाणीवाल्याचं मानधन इतकं. त्यानंतर कुणी बोललं नाही. आकडे उघड मांडले की माणूस देतो, हा आमचा अनुभव.

धुळवाट

मी पुण्यातली नोकरी सोडून परत आलेला. नेट, बँक, दवाखाना या गोष्टी लांब असल्या तरी त्यावाचून भागतं. मला सगळ्यात जाणवली ती पाणंद. गावठाणातला रस्ता सिमेंटचा, पण शेतात जायची वाट पावसाळ्यात चिखलाची. टोमॅटो तोडून ठेवला तरी गाडी बांधापर्यंत येत नाही, डोक्यावर क्रेट वाहायचे. मातोश्री पाणंद योजना 2021 मध्ये आली, पण दोन्हीकडचे बांधकरी एक झाल्याशिवाय काही हलत नाही. वाट कुणी अडवली तर तहसीलदारांकडं मामलतदार न्यायालय अधिनियम 1906च्या कलम 5खाली अर्ज करता येतो, आणि नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143खाली. हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून लिहून ठेवतो. तरी आधी समोरच्याशी पारावर बसून बोला. केस लागली की दोन पिढ्या बोलणं बंद होतं, आणि आपल्याला त्याच बांधावर रोज भेटायचं असतं.

आणि रातपाळीची वीज. सौर कृषी वाहिनी योजना 2.0 2023मध्ये सुरू झाली. शेजारच्या फीडरला दिवसा वीज मिळायला लागल्यापासून तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर वेगळीच कळा आलीय. आरोग्यसेवक साहेबांनी सापाचं सांगितलं, त्यात ही एक भर: दिवसा वीज हा माझ्या मते शेतकऱ्याच्या तब्येतीचा विषय आहे, पिकाचा नंतर.

गलाईवाला

मंडळाशी बोललो. कमान होणार, ती रद्द करणार नाही. पण तिची उंची कमी करून वाचलेल्या पैशात जादाची मोटार, पॅनल आणि केबल आमच्या गावाला देतोय. एकच अट घातली आहे: पाणीपट्टीचा जमाखर्च घरपट्टीत मिसळायचा नाही, वेगळा ठेवायचा आणि दर ग्रामसभेत वाचायचा. ओढ्याकाठचे, तुमच्या गावची मोटार किती एचपीची? आमच्या मंडळात तुमच्या गावचेही दोघे आहेत, ते विचारत होते.

ओढ्याकाठचा

साडेसात एचपीची, पाणबुडी. विहीर खोल आहे, त्यामुळं केबल जास्त लागेल, वायरमनकडून मोजून कळवतो.

26 जानेवारीच्या ग्रामसभेला चार गोष्टी मांडतोय. पाणी सोडायची ठरलेली वेळ, पाणी समितीची बैठक दुपारी दोनला, दुधाच्या बिलातून संमतीनं पट्टी, आणि पाणीवाल्याचा थकलेला पगार आधी. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. आमच्याकडं सभा बहुतेक वेळा तहकूबच होते. म्हणून डेअरीवाल्याला सांगितलंय, त्या दिवशी सकाळचं दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला बोलवायचं. बायका येतात का ते त्यांच्या गटाच्या अध्यक्षबाईंवर सोपवलंय. सभेत काय झालं ते इथंच लिहीन.

बारावी सायन्स

काका, पाचवी गोष्ट फाट्यावरची गाडी. तुमच्याही गावात माझ्यासारख्या मुली असतीलच.

ओढ्याकाठचा

घेतली. ती पहिल्या नंबरावर घेतो.